सोमवारचे पैलवान

सोमवारकर प्रत्येक हाउसिंग सोसायटीत असतात. दारावरच्या पाटीवर आडनाव जोशी असेल, शिंदे असेल नाहीतर डिसोझा. पण रविवारी रात्री साडेनऊ वाजता माणूस बरोबर ओळखू येतो. दाराशी नवे कोरे बूट, मोबाइलवर ५.१०, ५.१५ आणि ५.२० असे तीन गजर, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर निवेदन: ‘उद्यापासून सुरू करतोय. कोणी येणार का?’ उत्तरादाखल अंगठ्यांचा पाऊस पडतो. सकाळी गेटवर फक्त वॉचमन असतो.

वय पंचेचाळीसच्या आगेमागे, नोकरी खुर्चीतली. वार्षिक तपासणीत साखर काठावर आली की सोमवारकरांमधला पैलवान खडबडून जागा होतो. डॉक्टर सांगतात, “रोज अर्धा तास चाला.” एवढ्यावर सोमवारकरांचं समाधान होत नाही. अर्धा तास चालणं ही काय योजना झाली? ते घरी येऊन एक्सेल उघडतात. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार पाय, गुरुवार योगासनं, शुक्रवार धावणं, शनिवार पोहणं. पोहता येत नाही, पण त्या क्लासचा रकाना वेगळा आहे. वॉर्म-अप हिरव्या रंगात, कार्डिओ लाल, विश्रांती आकाशी. शेवटच्या रकान्यात बारा आठवड्यांनंतरचं वजन दशांश चिन्हासकट मांडलेलं असतं. तक्ता लॅमिनेट होऊन फ्रिजवर चढतो. या सगळ्यात पंधरा दिवस जातात आणि त्या पंधरा दिवसांत व्यायामाला वेळ मिळत नाही.

सोमवारची ही ओढ मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या सुरुवातीला जिममधली गर्दी खरोखर वाढते. वाढदिवसानंतरही वाढते, अपवाद फक्त एकविसाव्या वाढदिवसाचा. अमेरिकेत दारू प्यायची कायदेशीर मुभा त्या दिवशी मिळते, हे लक्षात घेतलं की अधिक खुलासा लागत नाही. थोडक्यात, मुहूर्त पाहून कामाला लागणं ही काही आपलीच खोड नव्हे. आपल्याकडे गुढीपाडवा, दसरा आणि दिवाळीचा पाडवा असे जादा मुहूर्त आहेत, इतकंच.

मुहूर्त ठरला की खरेदी. बुटांच्या दुकानात सोमवारकर आपल्या तळपायाच्या कमानीवर इतकं बोलतात, की सेल्समन त्यांना धावपटू समजून सर्वांत महागडी जोडी दाखवतो. “अहो, फिरायला जाताय की ऑलिंपिकला?” या घरच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होतं. मग जिम. महिन्याची फी भरणाऱ्यांना ते कच्चे समजतात. वर्षाचे एकदम भरले की सवलत मिळते आणि ‘पैसे भरलेत म्हणजे जावंच लागेल’ हा त्यांचा सिद्धांत. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि २००६ मध्ये हा हिशेब छापला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच उगवत होते. म्हणजे दर खेपेला १७ डॉलरहून अधिक. दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. पैसे भरल्याने माणूस जिमला जातो असं नाही. पैसे भरले की ‘आपण जिमला जाणारे’ असं त्याला वाटू लागतं.

तिसऱ्या आठवड्यात साचलेली तूट भरून काढायला सोमवारकर रविवारी सिंहगड गाठतात. आतकरवाडीची पायवाट, कुणालाही पुढे जाऊ द्यायचं नाही अशा ईर्ष्येने. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही आणि मग उतरतानाही तोच जोर. सोमवारी पाय कुरकुरतात, मंगळवारी बंड करतात. सवय नसताना केलेल्या श्रमांचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचतं, आणि ते चढण्यापेक्षा उतरण्याने जास्त येतं, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात. हे शास्त्र मंगळवारी सकाळी जिन्यात पाहावं. लिफ्ट नेमकी बंद. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरलेला आणि सोमवारकर पायऱ्यांकडे तोंड करून एकेक पायरी उलटे उतरताहेत. खालून येणाऱ्या दूधवाल्याला ते सांगतात, “नवीन व्यायाम आहे.”

कोल्हापूरच्या तालमीत हे चालत नाही. तिथे नव्या पोराला वस्ताद तक्ता देत नाही. थोडे जोर, थोड्या बैठका सांगतो आणि अंग सरावलं की आकडा स्वतःच वाढवतो. पोराने किती वाढवायचं हे ठरवायचं नसतं, फक्त वेळेवर हजर व्हायचं असतं. तशीच शिस्त औंध संस्थानात होती. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते सक्तीचे केले होते. खर्च शून्य, कसरतीचा क्रम ठरलेला. तालमीबद्दल आणि औंधच्या राजांबद्दल सोमवारकर अभिमानाने बोलतात. बोलताना बसलेले असतात.

आता मनगटावर घड्याळ आलं आहे. रात्री अकराला ते ९,६०० पावलं दाखवतं आणि दहा हजार पुरी करायला सोमवारकर दात घासत घासत बेडरूम ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालू लागतात. दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्याबरोबर तो आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पावलांचा आकडाच नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा, असं म्हटलं आहे. डॉक्टरांचा अर्धा तास पाच दिवस केला की दीडशे मिनिटं भरतात. एक्सेल उघडण्याची गरज नव्हती.

त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपिस्टने त्यांना कागदाच्या चिठोऱ्यावर तीन व्यायाम लिहून दिले. सकाळी दूध गॅसवर ठेवलं की ओट्याला धरून आजी टाचा उचलतात, दूध वर येईपर्यंत. मग खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ. काही आठवड्यांनी पायाला वाळूची छोटी पिशवी बांधायला सांगितली, ती बांधली. ग्रुपवर त्यांनी काही जाहीर केलं नाही. त्यांच्याकडे स्मार्टफोनही नाही.

ब्रिटनमध्ये सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांनी २००२ मध्ये ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा हीच गोष्ट विद्यार्थ्यांवर करून पाहिली होती. एका गटाला हृदयविकाराच्या धोक्याची माहिती वाचायला दिली. त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. दुसऱ्या गटाने तीच माहिती वाचून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे एका वाक्यात लिहून दिलं. तिथे प्रमाण ९१ टक्के निघालं. म्हणजे योजना हवीच. पण ती एका वाक्यात मावली पाहिजे.

सोमवारकर खरे अडतात ते मंगळवारी. मंगळवारी पाहुणे येतात, बुधवारी पाऊस पडतो आणि ‘आता येत्या सोमवारपासून’ असा ठराव होतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी लागण्याचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. सोमवारकरांचं नुकसान बुडालेल्या मंगळवाराने होत नाही, तर त्यापायी सोडून दिलेल्या बुधवार ते रविवार या पाच दिवसांनी होतं.

तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या सोमवारकरांनी पुढच्या रविवारी ग्रुपवर निवेदन टाकलं, तर कृपा करून अंगठा पाठवू नका. किती वाजता आणि कुठे, एवढं विचारा. आणि जमलं तर बुधवारी सकाळी त्यांची बेल वाजवा.