सही सिस्टरची हवी

एमबीबीएसच्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, टीमवर्क हवं का? हवंच, म्हणेल. मग विचारा, नर्सिंगच्या मुलींबरोबर एका वर्गात बसून शिकशील का? इथे हात आखडतो. देशोदेशींच्या अनेक पाहण्यांत हेच दिसलं आहे : एकत्र शिकायला नर्सिंगवाले जितके राजी असतात, तितके डॉक्टरकीवाले नसतात.

दातिवऱ्यात उभं राहून बघा, या आखडण्याची किंमत कळेल. वैतरणा समुद्राला मिळते तिथलं हे गाव. खाडीपल्याड अर्नाळा, पण मोठा दवाखाना गाठायचा तर सफाळे, पालघर, आणि केस अडली की थेट सिल्वासा नाहीतर मुंबई. अशा ठिकाणी आजारी माणसाला डॉक्टर सगळ्यात शेवटी भेटतो. आधी आशाताई, मग उपकेंद्राची सिस्टर, मग 108 ची गाडी. यांनी काय पाहिलं, काय केलं, हे ऐकून न घेणारा डॉक्टर कितीही हुशार असो, रोग्याचे हातचे तास तो वाया घालवतो.

आशाताईचं काम जवळून बघा. बाळ दवाखान्यात जन्मलं तरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा ती घरी जाते. हात धुते, वजन घेते, ताप बघते, दूध नीट ओढतंय का विचारते. मग अंगावरचं कापड बाजूला करून, घड्याळावर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते. तरी तेवढेच, तर बाळाला हलवायचं. आणि हलवायला घरात कोणाचा होकार लागतो, ती सासू मासळी विकून किती वाजता परतते, हेही तिलाच ठाऊक. हे ज्ञान कुठल्या जाडजूड पुस्तकात मिळणार?

नवजात बाळांना घरी जाऊन सांभाळण्याची ही पद्धत गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. 2011 पासून देशभरातल्या आशा तेच काम करताहेत. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या कासा भागात, ठाणे जिल्हा एकच होता तेव्हा, सत्तरच्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांनी गावातल्या बायकांना हाताशी धरून कुपोषित मुलांवर काम केलं. पालघरला हे कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही.

विद्यार्थी जन्माने गर्विष्ठ नसतात; आपण त्यांना तसं घडवतो. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट या सगळ्यांना पदव्या देतं, पण ही मंडळी पहिल्यांदा भेटतात ती थेट वॉर्डात, रात्रपाळीत, धावपळीत. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवादाचे धडे आहेत. चांगलं आहे. पण मुलगा खरं शिकतो ते सरांच्या वागण्यातून, आणि सर राउंडला सिस्टरचं वाक्य मध्येच तोडतात. सरकार तरी काय शिकवतं? मानधनासाठी आशांना 2024 च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसावं लागलं. कोणाची किती पत, हे मुलांना तिथेच कळतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे 12 आठवडे असतात. ग्रँट मेडिकल कॉलेजचं ग्रामीण प्रशिक्षण केंद्र पालघरलाच आहे, डहाणू तालुक्यात खासगी मेडिकल कॉलेजही आहे. प्रत्येक इंटर्नला एक नवजात बाळ नेमून द्या. सहाही भेटींना त्याने आशाताईबरोबर जावं. ती मोजेल, तो लिहून घेईल. चौथ्या भेटीपासून तो मोजेल, ती तपासेल. सहा आठवड्यांत हे उरकतं, म्हणजे नीट-पीजीच्या अभ्यासाला वेळ नाही ही सबब चालणार नाही.

आणि लॉगबुकातल्या एका पानावर सही उपकेंद्राच्या सिस्टरची. तिने तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची : ठरल्या वेळी आला का? आशाताईचं पुरतं ऐकून घेतलं का? रात्री फोन केला तेव्हा उचलला का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर 12 आठवडे पुन्हा.