समई तयार, मान्यवर नाही

यवतमाळात पाण्याची टंचाई असते, मान्यवरांची नसते. कुठल्याही चौकातले फ्लेक्स बघा: समाजभूषण, विकासपुरुष, कार्यसम्राट. या पदव्या कुणी दिल्या हे विचारायचं नसतं. ज्यानं फ्लेक्सवाल्याचं बिल दिलं, त्यानंच.

अशा गावात जानेवारी २०१९ मध्ये ऐन ९२व्या साहित्य संमेलनात मान्यवर कमी पडले. उद्घाटक नयनतारा सहगल इंग्रजीत लिहितात, असा आक्षेप आला आणि त्यांना पाठवलेलं निमंत्रण परत घेतलं गेलं. त्यांचं भाषण मात्र आधीच पोचलं होतं. ते मराठीत होऊन गावोगाव वाचलं गेलं. म्हणजे पाहुणी नको, आहेर ठेवा. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी राजीनामा देऊन मोकळे झाले, कित्येक निमंत्रितांनी पाठ फिरवली.

मग उद्घाटनाला आठवल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. नवऱ्यानं आत्महत्या केलेली, स्वतः अंगणवाडीत मदतनीस, आणि ‘तेरवं’ नाटकात काम करणाऱ्या. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं हे नाटक. त्यात उभ्या राहणाऱ्या अशाच बायांना रडण्याची तालीम लागत नाही. तेरवीचं जेवण जेवून पाहुणे उठले की घरात काय सुरू होतं, ते त्या मंचावरून सांगतात.

आता बघा. जिला हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, नवरीला ओवाळायची वेळ आली की जिनं आपणहून मागं सरकायचं, तिच्या हातानं सारस्वतांची समई पेटली. शेजारी संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे. अडीनडीला दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, असा टोलाही येडेताईंनी हाणला. टाळ्या कडाडल्या. पहिलं निमंत्रण परत गेलं नसतं तर हिची आठवण झाली असती का, असं मांडवात विचारणं अर्थातच असभ्य.

आपल्याकडे पोळ्याला हेच चालतं. मानाची जोडी पाटलाची. तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमण्यांची कवनं, सुरू झाल्या की सालदारही पाटलाला, सावकाराला, सरकारला यथेच्छ सोलून काढतो, आणि महादेवाचा गजर पाटीलही करतो. दुसऱ्या दिवशी सालदार धुऱ्यावर, पाटील ओट्यावर.

येडेताई मात्र धुऱ्यावर परतल्या नाहीत. त्याच वर्षी यवतमाळ-वाशीममधून थेट लोकसभेला उभ्या राहिल्या. पडल्या. दिवा लावायला बाई चालली होती. खुर्ची मागितल्यावर मांडवातल्या रसिकांना आपापली जात, पक्ष आणि पाहुणेरावळे आठवले.