पयल्या वर्गाचं खाटलं

आमचे भाऊजी अमेरिकेला लेकीकडे गेले ते विमानाच्या मागच्या वर्गात बसून, आणि परत आले ते पुढच्या वर्गात झोपून. त्यांच्या जावयानं वर्षभर क्रेडिट कार्ड घासून पॉइंट साठवले होते, ते सासऱ्याच्या तिकिटावर ओतले. पॉइंट त्याच महिन्यात बाद होणार होते, हे ताईनं नंतर हळूच सांगितलं. ते काही असो, तेव्हापासून चिखलीला आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी पहिला वर्ग भरतो. मास्तर एक, विद्यार्थी सगळं घर, आणि हजेरी सक्तीची.

धडा पहिला: खाटलं. "बटन दाबलं का खुर्चीचं खाटलं होते, राजेहो! गादी टाकाले पोरगी येते. वरून पायजमा देते!"

"काहून जवाईबुवा," माय म्हणाली, "घरून नेला नव्हता का पायजमा?"

भाऊजींनी पुढचं पान उलटलं. मला मात्र राहवेना. विमानातल्या खुर्चीचा सपाट पलंग झाला तो 1990च्या दशकाच्या मध्यावर. ब्रिटिश एअरवेजनं तो पहिल्या वर्गाला दिला आणि जगानं तोंडात बोट घातलं. आमच्या मलकापूर-शेगावावरून जाणाऱ्या गाड्यांमध्ये माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून फळीवर आडवी होतात, आणि सकाळी तीच फळी पाडून तिघं त्यावर बसतात. याला आपण सोय म्हटलं. त्यांनी त्याला दार लावलं आणि लाखांत विकलं. नाव देण्यात आपली रेल्वेही कमी नाही म्हणा. 1974 साली तिनं तिसरा वर्ग कायमचा बंद केला. म्हणजे त्याच डब्यांना दुसरा वर्ग म्हणायला लागली.

धडा दुसरा: आंघोळ. एमिरेट्सनं 2008 मध्ये ए-380 विमानात शॉवर बसवला. पस्तीस-चाळीस हजार फुटांवर, पायाखाली समुद्र आणि डोक्यावर गरम पाण्याची धार. पाणी मोजून पाच मिनिटं. भाऊजींनी "पाच मिनिटं" असं म्हणताच बुलढाण्याहून आलेली मावशी सावरून बसली.

"रोज येते का हो नळ?"

"मावशी, ते इमान हाये!"

"ते समजलं. पण येते त रोज ना? आन् टाइम ठरेल हाये ना?"

येळगाव धरणाकडे डोळे लावून ज्या शहराचा उन्हाळा जातो, तिथल्या बाईला पाच मिनिटं कमी वाटली नाहीत. तिला वेळापत्रक श्रीमंत वाटलं.

धडा तिसरा: मान. बसल्याबसल्या गरम रुमाल येतो. आमच्याकडे रुमाल आधी जातो. खिडकीतून आत, आणि मागून माणूस. तिथली पोरगी नावानं हाक मारते. आमचा कंडक्टरही मारतो: "ओ टोपीवाले, सरका मागं!" आणि पहिला वर्ग एसटीत नाही असं कोण म्हणतं? 'आमदारांसाठी राखीव' ही पाटी काय उगाच आहे? मी चाळीस वर्षं त्या जागेवर बसतो आहे. "उठा, आमदारसाहेब आले" असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही. पैसे न देता राखीव, आणि राखीव असून रिकामं: इतका पहिला वर्ग जगात कुठल्याच विमानात नसेल.

खरं तर विमान आणि एसटी एका पाळण्यातली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, आणि बरोबर आठवड्यानं, 8 जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलची 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला उडाली. एकीच्या नावात जन्मापासून राजकन्या होती. दुसरीला परी व्हायला लाल रंगाचे बरेच हात बसावे लागले.

मागच्या वर्गाबद्दल भाऊजी आता फारसं बोलत नाहीत. 2009 मध्ये शशी थरूर मंत्री असताना त्या वर्गाला गुरांचा वर्ग म्हणून बसले आणि देशभर गदारोळ झाला. आमच्या गोठ्यात विचारलं असतं तर गुरांनीच हरकत घेतली असती. पोळ्याला बैलाला आम्ही पुरणपोळी चारतो; थंडगार पाव पुढे करत नाही.

एवढं सगळं ऐकून मायनं एकच प्रश्न विचारला. "आन् काही झालं त भायेर कसं निंघायचं, ते सांगतात का?"

भाऊजी गडबडले. त्या धड्याच्या वेळी ते पायजम्याची घडी उलगडत होते. पण आठवलं. सांगतात. उडण्याआधी खाटलं मोडून खुर्ची सरळ करायला लावतात, पट्टा बांधायला लावतात, आणि दारं कुठे आहेत ते दाखवतात. लाखांचं तिकीट असो की पॉइंटचं, पडद्याच्या पुढचा असो की मागचा, यातून सूट नाही. निम्मी दारं बंद असली तरी भरलेलं विमान दीड मिनिटात रिकामं होतं, हे सिद्ध केल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाला मंजुरीच मिळत नाही.

ओसरी गप्प झाली. 1 जुलै 2023, मध्यरात्र उलटलेली. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली स्लीपर बस उलटली आणि पेटली. 25 माणसं गेली. बस दाराच्या अंगावर पडली होती. जे वाचले ते काच फोडून निघाले. त्या बसमध्येही खाटलं होतं, पडदा होता, पांघरूण होतं. पहिल्या वर्गाचं जे जे उचलता येतं ते आपण उचललं. जे फुकट होतं तेवढं राहिलं.

मागच्या आठवड्यात भाऊजी डोळे दाखवायला पुण्याला निघाले. रात्रीची ट्रॅव्हल्स, वरचं स्लीपर. मी सोडायला गेलो होतो. आत चढताच त्यांनी क्लीनरला विमानातल्या थाटात विचारलं, "बाळा, संकटकालीन दरवाजा कुठी हाये?"

पोरगं हसलं. मागच्या बाजूला पोती आणि खोकी छताला टेकली होती, तिकडे त्यानं बोट केलं.

"पार्सलच्या मांगं हाये, काका. पुणं आलं का मोकळा होते."