निळोण्याला दोघांनीच जाण्याची रीत

जिनिव्हाच्या तळ्याकाठी एक दिवस घालवायला तिथल्या जोडप्याला फारशी अक्कल लागत नाही. बाक असतात, बोट असते आणि ओळखीचं कोणी नसतं. यवतमाळच्या नवरा-बायकोला निळोणा धरणावर अर्धा दिवस दोघांनीच काढायचा तर मात्र तयारी लागते.

आधी मुहूर्त. धरण ओव्हरफ्लो झाल्याची बातमी आली की लगेचच्या रविवारी जाऊ नये. त्या दिवशी अर्धं गाव सांडव्यापाशी असतं आणि उरलेलं अर्धं रस्त्यात अडकलेलं. मंगळवार बरा. घरी ‘निळोण्याला चाललो’ असं तर मुळीच बोलू नये. लगेच भाचा, भाच्याचा मित्र आणि मुरमुऱ्याचा डबा सोबत निघतो. ‘कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाऊन येतो’ म्हणावं. मात्र मग खरंच जावं, प्रसाद दाखवावा लागतो.

कळंबचा गणपती जमिनीखाली आहे. दुसरीकडे देवासाठी पायऱ्या चढतात, इथे उतरतात. गुडघे दुखणाऱ्यांनी यावर हुरळून जाऊ नये. खाली कुंड आहे. दर बारा वर्षांनी त्यातली गंगा वर येऊन चिंतामणीच्या पायांना लागते, अशी श्रद्धा आहे. बारा वर्षांनी का होईना, पाण्याची वेळ ठरलेली आहे याचं आम्हा यवतमाळकरांना फार कौतुक वाटतं.

निवांत प्रवासाचं खरं साधन म्हणजे आमची शकुंतला रेल्वे होती. तिचं 1921 साली मँचेस्टरमध्ये घडलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धापा टाकत होतं आणि त्या गाडीत बसून कोणाला घाई करताच येत नसे. ती बंद पडल्यापासून निवांतपणा आपला आपण आणावा लागतो. म्हणजे अ‍ॅक्टिव्हा चाळीसच्या वर न्यायची नाही आणि ‘जरा लवकर चालवा ना’ हे वाक्य घरीच ठेवून यायचं.

धरणावर पोचल्यावर पाळीवर कोरडी जागा बघून बसावं. सांडव्यावर शेवाळ असतं. तिथे उभं राहून फोटो काढणाऱ्यांकडे लांबूनच पाहावं. भुट्टे दोन घ्यावेत. एकात दोघं हे सिनेमात ठीक, प्रत्यक्षात तिखट-मिठाच्या प्रमाणावरून वाजतं. मग गढूळ पाणी फेसाळत खाली कोसळताना पाहत एकाने हळूच म्हणावं, ‘चला, यंदा उन्हाळ्याची चिंता नाही.’ याहून प्रेमळ वाक्य यवतमाळात आजवर बोललं गेलेलं नाही. बाहेरगावच्यांनी हसू नये. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली होती आणि शहर टँकरच्या मागे धावत होतं. जिनिव्हाचं ते प्रसिद्ध कारंजं सेकंदाला 500 लिटर पाणी 140 मीटर उंच उडवतं. आमचा माणूस त्याची उंची बघणारच नाही. दहा सेकंदांत पाच हजार लिटरचा टँकर, एवढा हिशोब करून तो हळहळेल आणि कोणाला तरी कॉक बंद करायला सांगेल.

ओळखीचं कोणीतरी भेटतंच. ‘काय जी, दोघंच?’ या प्रश्नात चौकशी कमी, तक्रार जास्त असते. ‘पोरं क्लासला गेली’ हे उत्तर चालतं. पोरं नसतील तर ‘आई मागून येऊन राहिली’ म्हणावं आणि रस्त्याकडे थोडा वेळ काळजीने बघावं. विचारणारा आईंची वाट पाहत शेजारीच बसला, तर या मार्गदर्शनात त्यावर उपाय नाही.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र दोघांनी ठरवून घ्यावी. घरी ‘कसं वाटलं?’ असं कोणी विचारत नाही. निळोण्याला गेल्याची खबर तोवर पोचलेली असते, त्यामुळे प्रसाद बाजूला राहतो आणि विचारतात, ‘सांडव्यावरून किती जाऊन राहिलं?’ तिने वीतभर आणि त्याने गुडघाभर सांगितलं, तर रात्रीपर्यंत गल्लीत दोन पक्ष पडतात आणि दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः मोजायला निघतात, तुमच्याच गाडीवर.