पॅरिसच्या झिपऱ्या

तुम्हाला म्हणून सांगते, बातमी अजून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेली नाही. आमच्या नणंदेच्या मुलीने केस कापले. कापले म्हणजे टोकं कातरली असं नव्हे हो. कमरेला टेकणारा शेपटा होता पोरीचा. स्थळं बघायला लागलो की निम्मं काम तोच करणार, अशी आमच्या सासूबाईंची पंधरा वर्षांची खात्री. तो गेला. आता जे काही उरलंय ते कानावरून निघतं आणि हनुवटी यायच्या आत संपतं. पुढे भुवयांवर झिपऱ्या. आणि आमच्या थोरल्याचं लग्न सव्वा महिन्यावर! करवली म्हणून हिचा खोपा ठरलेला, खोप्याला गजरे ठरलेले. आता गजरा माळायचा कुठे, कानात?

दार मीच उघडलं. "मामी, फ्रेंच बॉब!" असं ओरडून तिने गिरकी घेतली. मला वाटलं, जावयाचं नाव सांगतेय. रिक्षाचे पैसे देत खाली कुणी गोरा मुलगा उभा असेल म्हणून मी मान लांब करून जिन्यात बघितलंसुद्धा. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी चष्मा पदराला पुसला, पुन्हा लावला आणि एवढंच विचारलं, "उवा झाल्या होत्या का गं?"

त्यांचंही चुकलं नाही. आपल्याकडे बॉबकट म्हणजे चौथीपर्यंतच्या मुलींचा. शाळेतून उवा आल्या की रविवारी सकाळी अंगावर जुना पंचा टाकून पाटावर बसवायचं आणि मागून कचाकच. पाचवीपासून तेल, रिबिनी, दोन वेण्या. त्यानंतरही एखादीने बॉबकट ठेवलाच, तर तो शब्द केसांपुरता राहायचा नाही. "ती बॉबकटवाली" म्हटलं की ती इंग्रजीत भांडते, स्कूटर चालवते आणि तिला आमटीला फोडणी देता येत नाही, हे सगळं त्यात आलं. आमच्या चाळीत अशी एकच होती. ती सगळ्यात चांगली आमटी करायची, पण ते कोणी बोलायचं नाही.

असो. तर हा म्हणे साधा बॉब नाही, फ्रेंच आहे. फरक काय, तर साध्या बॉबला शिस्त असते आणि ह्याला नसते. लांबी गालाच्या हाडापासून जबड्यापर्यंत कुठेतरी, कपाळावर झिपऱ्या हव्यातच, कडा सरळ पण फूटपट्टीने आखल्यासारखी नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाई झोपेतून उठली, खिडकी उघडली, केसांतून बोटं फिरवली आणि कॉफी प्यायला खाली उतरली, असं दिसलं पाहिजे. आमच्या घरात झोपेतून उठून तशीच खाली उतरणारीला पारोशी म्हणतात.

मग मी जरा खणलं. चर्चा करायची तर पुराव्यानिशी. आणि काय काय निघालं म्हणून सांगू! ह्या फ्रेंच बॉबमध्ये फ्रेंच माणूस शोधताना माझी दमछाक झाली. ज्याने तो पॅरिसमध्ये रूढ केला तो आंत्वान मुळात पोलंडचा, जन्म १८८४चा, खरं आडनाव आपल्याला उच्चारताही येणार नाही असं. पुढे तो इतका मोठा झाला की पॅरिसमध्ये काचेचं घर केलं आणि झोपायला काचेची शवपेटी! मी नाही म्हणत, त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. १९०९च्या सुमारास त्याच्याकडे एक नटी आली, एव्ह लाव्हालियेर. वय चाळिशीच्या पुढे आणि रंगमंचावर भूमिका कोवळ्या मुलीची. ह्याने कात्री घेतली आणि कानाच्या पाळीपाशी केस उडवले. कुठून सुचलं? तर जोन ऑफ आर्कच्या चित्रांवरून. त्याच साली रोमने जोनला धन्य म्हणून जाहीर केलं होतं, तेव्हा जिकडेतिकडे तीच. जिला १४३१ साली जाळलं, जिच्यावरच्या आरोपांत पुरुषी कपडे आणि आखूड केस हेही होते, तिच्याच नावाने साडेचारशेहून अधिक वर्षांनी पॅरिसच्या बायका केस कापायला रांगा लावू लागल्या. आणि ती लाव्हालियेर? तिने १९१७मध्ये नाटक सोडलं आणि उरलेलं आयुष्य देवधर्मात घालवलं. हे मी सासूबाईंना मुद्दाम दोनदा सांगितलं.

ही एकटीच खरी फ्रेंच. बाकीच्या बघा. आयरीन कॅसल, नाचणारी, अमेरिकन. तिने १९१४च्या सुमारास अपेंडिक्सच्या ऑपरेशनला जाताना दवाखान्यात गुंता कोण सोडवणार म्हणून केस कापले आणि बरी होऊन लोकांत आली तशी त्याची फॅशन झाली. लुईस ब्रुक्स, जिच्या काळ्याभोर, हेल्मेटसारख्या बॉबचे फोटो आजही पोरी सलूनवाल्याला मोबाइलवर दाखवतात, ती कॅन्ससची, आणि तिचा गाजलेला 'पँडोराज बॉक्स' १९२९ साली जर्मनीत झाला. १९६२च्या गोदारच्या सिनेमात तसाच बॉब करून पॅरिसभर फिरणारी ॲना करीना डेन्मार्कहून आलेली. २००१च्या 'अमेली'मधल्या ऑद्रे टोटूपर्यंत यावं लागतं, तेव्हा कुठे फ्रान्सला पुन्हा आपल्या घरची मुलगी मिळते. आपल्याकडचं 'चायनीज भेळ' प्रकरण आठवलं मला.

बरं, फ्रान्समध्ये तरी ह्याचं कौतुक झालं असेल म्हणावं, तर छे! १९२२ साली व्हिक्तोर मार्गेरितने 'ला गार्सोन' नावाची कादंबरी लिहिली. नायिका केस कापते आणि नवरा ठरवून दिलेलं आयुष्य नाकारून मनाला येईल तसं जगते. पुस्तक धडाधड खपलं आणि सरकारने लेखकाचा 'लेजों दॉनर' हा मानाचा किताब काढून घेतला. केस नायिकेचे कापले, किताब लेखकाचा गेला. तिकडे अमेरिकेत स्कॉट फिट्झजेराल्डची १९२०ची गोष्ट, बर्निस नावाच्या मुलीची. नात्यातल्या एका बहिणीच्या चिथावणीवरून ती बिचारी पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन बॉब करते, तो बिघडतो, आणि मग रात्री ती झोपलेल्या बहिणीच्या दोन्ही वेण्या कापून निघून जाते. ही गोष्ट मी भाचीपुढे काढलेली नाही. तिची चुलतबहीण पुढच्या आठवड्यात राहायला येतेय.

पुरुषांच्या सलूनमध्ये का, तर तेव्हाच्या बायकांच्या केशभूषाकारांना केस चढवायची, वळवायची, खोटे केस बेमालूम घुसवायची विद्या. कात्रीने सरळ कापणं त्यांच्या हातात नव्हतं, काहींना ते करायचंही नव्हतं. तेव्हा बायका जाऊन बसल्या पुरुषांच्या खुर्चीत, आणि रांगेतल्या पुरुषांनी नाकं मुरडली.

सासूबाई हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "आपल्यात असलं नव्हतं हो." मी गप्प बसले, कारण त्यांच्या सख्ख्या आजीचा एकमेव फोटो आमच्या माळ्यावर आहे, लाल आलवणातला, डोक्यावरून पदर. त्या पदराखाली काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत आहे. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं वपन करणार नाही असं ठरवलं, तेव्हाही पुष्कळांना ती चावट चळवळच वाटली असेल. बाईच्या केसांवर कात्री कोणी चालवायची, हा प्रश्न आपल्याकडे फॅशनच्या आधीपासूनचा आहे.

जाऊ दे. मुख्य तमाशा पुढेच आहे.

भाचीने म्हणे केस कापायचा निर्णय 'शास्त्रशुद्ध' घेतला. शास्त्र असं: हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीखालून फूटपट्टी उभी. दोन्ही भेटतात तिथलं माप सव्वादोन इंचांहून कमी आलं, तर आखूड केस खुलतात. जास्त आलं, तर लांबच बरे. हा नियम जॉन फ्रीडा नावाच्या इंग्रज केशभूषाकाराच्या नावावर आहे. भाचीचं आलं दोन. एवढ्यावर शेपटा गेला! मला विचाराल तर ह्यात निम्मी भूमिती आणि निम्मी पत्रिका आहे. पण त्या दिवशी धाकट्याच्या कंपासपेटीतली पट्टी घरभर फिरली. समोरच्या वहिनींचं अडीच आलं, तर त्या म्हणाल्या पट्टीच झिजलेली आहे. सासूबाईंचं मी हळूच मोजलं. पावणेदोन. त्यांनी आकडा विचारला नाही आणि मीही सांगितला नाही, पण नंतर त्या बराच वेळ बेसिनच्या आरशासमोर होत्या.

खरी निवड पट्टीने होतच नाही, ते मला सलूनमधल्या मुलीने समजावलं. हो, गेले होते मी, भाचीबरोबर, फक्त सोबत म्हणून. चेहरा गोल असेल तर केस जबड्याच्या जरा खाली सोडायचे आणि झिपऱ्या मधून दोन बाजूंना वळवायच्या. लांबट असेल तर गालाशी थांबायचं आणि कपाळ सरळ झाकून टाकायचं. जबडा चौकोनी असेल तर नेमकं जबड्यावर थांबू नये, नजर तिथेच अडकते. कुरळे केस वाळले की आक्रसतात, म्हणून ते कोरडेच कापायचे आणि दोन बोटं जास्त ठेवायचे. बारीक, विरळ केसांना तर हा कट वरदान, कारण कड सरळ कापली की केस दाट भासतात.

आमच्या घराण्याचे केस मात्र काथ्या. दाट, जाड, हट्टी. असे केस हनुवटीशी नुसते कापून सोडले की दोन्ही बाजूंना पसरून डोक्यावर इरलं घातल्यासारखं दिसतं. म्हणून आतून, वरच्या थराला न दुखवता, कात्रीची टोकं उभी धरून वजन काढायचं, आणि मानेवरचे केस अगदी बारीक करायचे. हे न कळणाऱ्याच्या हातात डोकं दिलं की महिनाभर ओढणी बांधून फिरा. आणखी एक, कपाळावरचा भोवरा! पुढे भोवरा असेल तर झिपऱ्या मधोमध फाटतात आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढल्यासारखं दिसतं. आमच्या भाचीला भोवरा आहे, तोही डाव्या बाजूला. सासूबाई म्हणतात, त्याच भोवऱ्याने हे सगळं केलं.

आता तुम्ही म्हणाल, केस कमी झाले, काम तरी कमी झालं असेल. अहो, इथेच तर माझा जीव जळतो! शेपटा होता तेव्हा सकाळची वेणी सात मिनिटांत. आता 'काहीच केलेलं नाही' असं दिसायला पाऊण तास लागतो. न्हाऊन आलं की टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, केस फुलतात. जुन्या सुती टी-शर्टात दाबून पाणी टिपायचं. (सासूबाई: "म्हणजे पंचात." बरोबरच आहे.) मग बाकीचे केस तसेच टपटपत ठेवून आधी झिपऱ्या वाळवायच्या, ताबडतोब, कारण त्या एकदा मनासारख्या वाकड्या वाळल्या की पुन्हा भिजवल्याशिवाय सरळ येत नाहीत. ड्रायरचा झोत वरून खाली, चपटा ब्रश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे भोवरा गोंधळून गप्प बसतो. बाकीचे केस आपोआप वाळू द्यायचे. वाळले की बाटलीतून मिठाचं पाणी फवारायचं. मिठाचं पाणी, विकतचं! लहानपणी हिला चौपाटीवरून आणल्यावर खारट पाण्याने केस राठ होतील म्हणून आम्ही ओरडत घासत होतो. आता तो राठपणाच हवा आहे, त्याला टेक्स्चर म्हणतात.

दुसऱ्या दिवशी झिपऱ्या कपाळाच्या तेलाने चिकटल्या की कोरडा शाम्पू. तो काय असतो म्हणून मी डबा उलटून वाचला, तर आत तांदळाचं स्टार्च. म्हणजे सरळ सांगा ना, डोक्याला खळ घालते! सासूबाईंच्या सुती नऊवार्‍यांना घालायचो तीच.

आणि मुंबईचा जून? पॅरिसच्या बायकांनी जूनमध्ये चर्चगेट ते विरार उभ्याने करून दाखवावं, मग आपण केसांतल्या बेफिकिरीबद्दल बोलू. दादरला झिपऱ्या सरळ असतात, अंधेरीला मधोमध फाटतात, बोरिवलीला दोन्ही टोकं वर बघायला लागतात. भाची आता पर्समध्ये छोटा कंगवा, एक रोलर आणि काळ्या पिना ठेवून फिरते. ह्या पिनांचीही गंमत सांगायची राहिली. इंग्रजीत त्यांना बॉबी पिन म्हणतात, ते ह्याच बॉबमुळे. कापलेले केस जागेवर बसवायलाच त्या विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत चालल्या. सासूबाईंचा अंबाडा पन्नास वर्षं ह्याच पिनांवर उभा आहे. हे ऐकून त्यांनी हात मागे नेला आणि एक पिन काढून बराच वेळ बघत बसल्या.

आत्याबाईंचा फोन आला तेव्हा मात्र मजा झाली. ह्यांच्या आत्या, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, "हे काय नवीन? हा तर साधना कट." आता त्यांना कोण सांगणार! १९६०च्या 'लव्ह इन सिमला'त साधनाचं रुंद कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यरने ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर झिपऱ्या कापून घेतल्या आणि देशभरच्या पोरींच्या कपाळावर झिपऱ्या आल्या. मागे मात्र लांब केस शाबूत होते. म्हणजे पुढून सिमला, मागून सातारा. आमची भाची दोन्हीकडून पॅरिस.

लग्नाचं काय, ते ठरलंय. फूलवाल्याने सुचवलं, कानामागे एकच मोठं फूल खोवा, फ्रेंच बॉबला तेवढंच पुरतं. सासूबाईंनी अट घातली की फूल मोगऱ्याचं हवं. मोगरा एक कसा खोवणार यावर अजून बैठका चालू आहेत.

पण मुळात ज्यासाठी तुम्हाला थांबवलं ते वेगळंच. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात. शेपट्यात ते कळत नव्हतं. कपाळावर तीन आठवड्यांतच डोळ्यांत जातं. त्या झकपक सलूनमध्ये नुसत्या झिपऱ्या आणि मान नीट करायचे जे पैसे सांगितले, त्यात आमच्या ह्यांची वर्षभराची कटिंग होते. तर काल संध्याकाळी ही पोरगी खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या जेन्ट्स सलूनमध्ये जाऊन बसली! समोर रांगेत आपले दुसऱ्या मजल्यावरचे नाना, बँकेतून निवृत्त झालेले जोशीकाका आणि दाढीला आलेला दूधवाला. दुकानातला रेडिओ म्हणे आपोआप हळू झाला. नानांनी पेपर उलटा धरला होता, हे दूधवाल्याने सकाळी मला स्वतः सांगितलं. सलूनवाल्याने तिच्या मानेकडे एकदा बघितलं, खांद्यावर पांढरं कापड झटकलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "मागे मशीन मारू?"

ती म्हणाली, "मारा. कल्ल्यांना हात लावू नका."