पठारावर घर नाही

मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाला निसर्गचित्र येत नाही असं होतच नाही. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, तिथून थेट आपल्या अंगावर येणारी नदी, काठाला कौलारू घर, घराला खेटून नारळाचं झाड आणि वर चार-पाच पक्षी. हे चित्र हाताला इतकं पाठ असतं की बँकेत आपला नंबर येईपर्यंत स्लिपच्या मागच्या बाजूला ते आपोआप उमटतं.

या सगळ्या शिक्षणावर कास पठार पाणी फिरवतं. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंच, आणि जांभ्या खडकावर मातीचा थर नावापुरता. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागाच नाही, म्हणून तर पावसाळ्यात इवल्याइवल्या फुलांचं फावतं. डोंगर काढावा तर आपणच डोंगराच्या माथ्यावर उभे. सूर्य ढगात. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासही आहे. चित्र काढणाऱ्याच्या सोयीचा मात्र तिथं कुणी विचार केलेला दिसत नाही.

हे पठार मी ॲक्रिलिकमध्ये, आर्ट जर्नलच्या दोन पानांवर रंगवायला घेतलं. आर्ट जर्नल म्हणजे स्वतःपुरती, कुणाला न दाखवायची चित्रवही. ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या घरी आत्या नसावी. आमच्याकडे मिटलेली वही दिसली की ती उघडून बघणं हे कर्तव्य समजतात, आणि एकदा उघडली की ती घरातल्या सगळ्यांची, शिवाय विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंची.

ॲक्रिलिक पाण्यात कालवलेला असेतो आपला. पाणी उडालं की त्याचं प्लॅस्टिक होतं आणि मग तो कुणाच्या बापाला ऐकत नाही. कागद, ब्रश, जेवणाचं टेबल, नवा झब्बा, सगळ्यांना तो सारख्याच निष्ठेनं चिकटतो. शिवाय ओला असताना फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. म्हणजे जे आवडलं म्हणून लावलं, ते चहा पिऊन येईपर्यंत वेगळंच झालेलं असतं.

फुलांच्या चित्रात फुलं सोपी, छळतं ते गवत. ट्यूबमधला हिरवा तसाच फासला तर पठाराची प्लॅस्टिकची खुर्ची होते. त्यात यलो ऑकर घाला, किंचित बर्न्ट सिएना घाला, तेव्हा कुठं तो जमिनीवर येतो. लांबच्या गवतात थोडा पांढरा आणि निळा मिसळला की ते मुकाट्यानं मागं सरकतं. मग फुलं. इथं लग्नातल्या ग्रुप फोटोचा न्याय: पुढं बसलेल्यांना नाकडोळे, मागच्यांचं नुसतं कपाळ. पुढच्या चार तेरड्यांना पाकळ्या काढायच्या. बाकी तेरडा म्हणजे चपट्या ब्रशच्या कोपऱ्यानं टेकवलेले गुलाबी ठिपके, सोनकी म्हणजे पिवळे. सगळ्यांच्या पाकळ्या काढत बसलं तर पठार होत नाही, कुंड्यांचं दुकान होतं.

ठिपके वाळतायत तोवर आत्या आली.

“घर कुठाय रे?”

“पठारावर घर नसतं, आत्या.”

“मग माणसं राहतात कुठं?”

“साताऱ्यात.”

“मग सातारा तरी काढ.”

लेकीला मिकी माउस हवा होता. त्या नावाचं पिवळं फूल कासला खरोखरच आहे, मराठीत त्याला कवला म्हणतात; पण तिला तो घराएवढा हवा होता. तसा काढला. बाबांना सीतेची आसवं हवी होती. ती काढली. बाबा गहिवरून बघत असताना मी सहज सांगितलं की ही वनस्पती मांसाहारी आहे, मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते. घरात शांतता पसरली. “चातुर्मासात दुसरं काही सुचलं नाही?” आत्या म्हणाली.

घरातल्या शांततेसाठी शेवटी मी घर काढलं. कौलं, खिडकी, सगळं. ॲक्रिलिकचा मोठेपणा इथं आहे. खालचं काही पुसता येत नाही, पण वरून झाकता सगळं येतं. जलरंगात खालचा थर वरच्यातून डोकावत राहतो. ॲक्रिलिकचा जाड हात एकदा बसला की मागचं प्रकरण मिटलं. काकूंनी नारळ सुचवला, तोही लावला. मग ऑफिसातून आलेली बायको म्हणाली, “पठारावर बांधकाम? परवानगी कुणी दिली?” लगेच घरावर गवत आलं. आत्यानं विचारलं, गवतावर पुन्हा घर आलं. कागद पुठ्ठ्यासारखा ताठ झाला, वही मिटेना.

मग मी टिटॅनियम व्हाइटची ट्यूब पिळली, त्यात चिमूटभर राखाडी घातला आणि ओल्या स्पंजनं डावीकडून उजवीकडे एक लांब हात मारला. घर गेलं, नारळ गेला, मिकी माउस गेला. पुढचे चार तेरडे तेवढे राहिले.

रात्री काका आले. गेल्या सप्टेंबरात आधीपासून ऑनलाइन नोंदणी करून ते सगळ्या घराला कासला घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावून वही लांब धरली आणि मांडीवर थाप मारली.

“वा! हुबेहूब! आम्ही गेलो तेव्हा अगदी अस्संच दिसलं होतं.”

“पण घर कुठाय?” आत्यानं आपला मुद्दा सोडला नव्हता.

“असेल गं,” काका म्हणाले, “धुक्याच्या मागं असेल.”