गरिबीची मुदत ३१ मार्च

उत्पन्नाच्या दाखल्याच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: हा दाखला ३१ मार्चपर्यंत वैध राहील. सरकारी वाक्यं आम्ही जन्मभर वाचत आलो, पण इतकं आशावादी वाक्य दुसरं पाहिलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरावरचा माणूस ३१ मार्चच्या मध्यरात्रीपर्यंत गरीब आहे, याची हमी शासन सही-शिक्क्यानिशी देतं. त्यानंतरची मात्र देत नाही. कुणी सांगावं, १ एप्रिलच्या पहाटे नांगराला हंडा लागला असेल! खात्री करून घेतलेली बरी.

आता हा माणूस ३१ मार्चला असतो कुठे? कापूस वेचून झालेला, तूर विकून झालेली, गावात हाताला काम नाही. इकडचे मजूर त्या दिवसांत तेलंगणात मिरची तोडायला गेलेले असतात. म्हणजे गरिबीची मुदत संपते त्या दिवशी गरीब दुसऱ्या राज्यात, मिरचीच्या रानात, डोळे चोळत बसलेला. तो परत येईतो बारावीचा निकाल लागलेला असतो, पोरगी चांगल्या मार्कांनी पास झालेली असते, आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीतला दाखला शिळा झालेला असतो. मग जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांग. गेल्या वर्षीचे सगळे गरीब यंदाही गरीब आहेत हे सिद्ध करायला ताटकळत उभे, आणि आत सर्व्हर डाऊन.

गरिबी मोजण्याची पद्धतही शास्त्रशुद्ध आहे. एक स्वयंघोषणापत्र, रेशनकार्ड, आधार आणि तलाठ्याचा अहवाल. "वर्षाचं किती?" "कसं सांगू जी, पिकलं तर पिकलं." "साठ हजार लिहू?" "लिहा जी." झालं. अख्ख्या गुड्याचं, म्हणजे पाड्याचं, उत्पन्न घरटी साठ हजार. एकाचं एकोणसाठ नाही, दुसऱ्याचं एकसष्ट हजार तीनशे नाही. ज्याच्या कपाशीला बोंडअळी लागली त्याचंही साठ आणि ज्याची वाचली त्याचंही साठ. समाजवादाला जे शंभर वर्षांत जमलं नाही ते बॉलपेनच्या एका रेघेत जमलं, याची नोंद कुठल्याही विद्यापीठानं अजून घेतलेली नाही.

हा साठ हजारांचा कागद घेऊन बाप निघतो. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. ही मर्यादा २०१३ ची. शिक्षणकर्जावरचं व्याज शिकत असेपर्यंत सरकारनं भरावं तर उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. ही २००९ ची. २००९ साली जन्मलेली पोरं आता कॉलेजच्या दारात आली, पण साडेचार लाख होते तिथेच आहेत. तिसरीकडे आठ लाखांची रेघ. एकच बाप तीन खिडक्यांवर तीन उंचीचा गरीब. नॉन-क्रीमीलेअरसाठी तर तीन वर्षांचं उत्पन्न दाखवायचं, म्हणजे गरिबी घाऊक. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हा विषय इथे काढत नाही. १९५० किंवा १९६१ पूर्वीचा पुरावा मागायचा, आणि तोही अशा मुलखात जो तेव्हा निजामाच्या हैदराबादेतून निघून, नांदेडला टेकून, १९५९ साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, येऊन मिळाला. त्याला दिवाळी अंकही पुरायचा नाही.

शिष्यवृत्ती मंजूर होते, पण येते तेव्हा येते. तोवर कॉलेजची फी थांबत नाही, पुण्या-नागपुरातली कॉट थांबत नाही, मेस थांबत नाही. म्हणून बाप बँकेत जातो. आणि इथे खरी गंमत सुरू होते, कारण बँकेलाही उत्पन्नच बघायचं असतं, फक्त उलट्या बाजूनं.

"सातबारा?"

"जमीन आहे जी, सातबारा नाही."

"म्हणजे?"

"आज्यापासून वाहतो जी. कागदावर जंगल आहे."

"पगारपत्रक? रिटर्न?"

बाप मोठ्या अभिमानानं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून, घडी न मोडलेला, ताजा उत्पन्नाचा दाखला काढून टेबलावर ठेवतो. साहेब वाचतात. साठ हजार. "अहो, एवढ्यात फेडणार कसं?"

सकाळी अकरा वाजता सेतूत जो माणूस पुरेसा गरीब नसल्याच्या संशयावरून दोनदा परत पाठवला गेला, तोच दुपारी तीन वाजता बँकेत पुरेसा श्रीमंत नसल्याबद्दल परत जातो. कागद तोच, शिक्का तोच, आकडा तोच. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशातली गत. नियम काय सांगतात? चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारच्या निधीची हमी असू शकते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, तिच्यात तर तारणही नको आणि जामीनदारही नको. आठ लाखांच्या आतल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. मात्र कॉलेज देशातल्या निवडक, सुरुवातीला आठशे साठ, संस्थांच्या यादीतलं हवं. यादी गुणवत्तेची आहे, त्यामुळे तक्रार करता येत नाही. जो आधीच वर पोचला त्याला शिडी द्यायची, हेही एक धोरणच आहे.

सीमेवरच्या चौदा गावांत हा विनोद दुहेरी होतो. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा आणि शेजारची गावं महाराष्ट्रात आहेत आणि तेलंगणा म्हणतं आमच्यात आहेत. रेशनकार्डं दोन, मतदार ओळखपत्रं दोन, शाळा मराठी आणि तेलुगू. आम्हाला वाटलं, चला, या भाग्यवंतांना दाखलेही दोन मिळत असतील. एका राज्यातली गरिबी संपली तर दुसऱ्यातली काढायची. इकडच्या ३१ मार्चला तिकडे उडी मारली की झालं, माणूस बाराही महिने अखंड गरीब. शिवाय दोन्ही दाखले जोडले तर उत्पन्न एक लाख वीस हजार होतं, तेवढंच बँकेपुढे वजन वाढतं. पण पोर्टलला हे गणित पसंत नाही. रहिवास एकाच राज्यातला हवा, आणि तोही निर्विवाद. ज्या गावाचं राज्य कोणतं यावर दोन सरकारं इतकी वर्षं भांडली, तिथल्या सतरा वर्षांच्या पोरीनं ड्रॉपडाऊनमधून ते एका क्लिकमध्ये निवडायचं. निवडते बिचारी. तिला कोर्टापेक्षा लवकर उत्तर देता येतं, कारण तिची अर्जाची तारीख संपत आलेली असते.

समजा हे सगळं पार पडलं, कर्ज मिळालं, पोरगी शिकली. इथवर तिच्या बापाचं उत्पन्न किती वेळा विचारलं गेलं याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. पण तिचं स्वतःचं उत्पन्न किती वेळा विचारलं गेलं याचा हिशेब सोपा आहे. एकदाही नाही. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत, मग हप्ता सुरू. नोकरी लागली असो वा नसो, पगार पन्नास हजार असो वा बारा हजार, हप्ता तोच. सात लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पंधरा वर्षं मुदत धरली तर महिन्याला साडेसात हजार होतात. वर्षाचे नव्वद हजार. दाखल्यावरचं बापाचं उत्पन्न साठ.

ऑस्ट्रेलियानं १९८९ सालीच यावर उपाय काढला. शिकून घे, कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली की आयकराबरोबर थोडं थोडं कापू. इंग्लंडात अलीकडच्या तुकड्यांना वर्षाला पंचवीस हजार पौंडांच्या खाली कमाई असेल तर एक पेनी भरावी लागत नाही. वरच्या रकमेवर नऊ टक्के, आणि चाळीस वर्षांत फिटलं नाही तर माफ. ती व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. तिथली पोरंही ओरडतात, अमेरिकेत तर फेडीच्या योजना कोर्टात अडकतात. पण तिथे उत्पन्न विचारायची वेळ तरी बरोबर आहे. आपल्याकडे दारात शिरताना चड्डीच्या नाडीपर्यंत तपासणी, आणि बाहेर पडताना कुणी ढुंकून बघत नाही. संताप याचा येतो की कागद नाही, सर्व्हर नाही, मनुष्यबळ नाही ही सबब इथे चालत नाही. उत्पन्न मोजायची अख्खी यंत्रणा तयार आहे. तलाठी आहे, सेतू आहे, पोर्टल आहे, पॅन आधारला जोडलेलं आहे. फक्त ती यंत्रणा देताना अडवायला वापरायची, घेताना सोडवायला नाही, हे कुणीतरी ठरवलेलं आहे. हप्ता थकला की सिबिल स्कोअर पडतो, आणि तो एकट्या पोरीचा पडत नाही. बाप सहकर्जदार असतो. दोन वर्षांनी धाकटीचा अर्ज त्याच टेबलावर जातो आणि थोरलीच्या थकबाकीवर अडतो. तिथे कुणी विचारत नाही की थोरलीला मिळतात किती.

तेव्हा दाखला रद्द करा असं आमचं म्हणणं नाही. तो एकदा कर्जदाराच्याही बाजूनं वापरा. पोरीच्या कमाईचा दाखला घ्या आणि त्यावर हप्ता बांधा. कमाई नसेल त्या वर्षी हप्ता नाही. हे होईल तेव्हा होईल. यंदा ज्यांच्या घरी बारावी आहे त्यांनी मात्र बँकेतून तोंडी उत्तर घेऊन परतू नये. शिक्षणकर्जाचा अर्ज शाखेनं परस्पर नाकारायचा नसतो, वरच्या अधिकाऱ्याची संमती लागते आणि कारण कळवावं लागतं. नकार लेखी मागा.